दुकानातल्या कम्प्युटरचा पत्ता प्रोग्रामलाच शोधू द्या



आजचा विषय थोडा टेक्निकल वाटेल. पण तुमच्या दुकानात दोन कम्प्युटर, एक प्रिंटर आणि एक वायफायचं डबडं असेल, तर हा विषय तुमचाच आहे. मी इंजिनियर नाही. बीबीए केलंय, दुकान चालवतो, शिकवतो आणि पायथॉन कामापुरतं येतं. त्यामुळे जिथे मी अडकलो तिथे तुम्हीही अडकाल, या हिशोबाने लिहितोय. प्रोग्रामच्या ओळींचं स्पेलिंग व्हिडिओत स्क्रीनवर मोठ्या अक्षरात आहे, ते तिथूनच उतरवून घ्या. इथे आपण त्या ओळी का लिहायच्या, ते बघू.

पोळ्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. आपल्याकडे पोळा आणि दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, म्हणजे लहान मुलांच्या लाकडी बैलांपासून झुली, गोंडे, रंगीत कागदांपर्यंत सगळ्याची गर्दी. माझ्या दुकानात मागच्या खोलीत एक कम्प्युटर असतो, त्यावर मीच लिहिलेला बिलाचा आणि स्टॉकचा छोटा प्रोग्राम. समोर काउंटरवर जुना लॅपटॉप. काउंटरवरच्या मुलाने ब्राउझर उघडायचा, १९२.१६८.१.५ हा आकडा टाकायचा, की बिलाचं पान समोर. तो आकडा मी चिठ्ठीवर लिहून लॅपटॉपला सेलोटेपने चिकटवला होता. आठ महिने मस्त चाललं.

त्या दुपारी पाऊस आला आणि लाइन गेली. दहा मिनिटांनी परत आली. आणि काउंटरवरून आवाज, "भाऊ, बिल नाही येऊन राहिलं. इथं प्रिंटरच दिसून राहिला!"

गेलो, पाहिलं. खरंच. बिलाच्या पानाच्या जागी प्रिंटरचं पान उघडलेलं. शाई किती उरली, कागद कोणत्या साइजचा, सगळी माहिती हजर, फक्त बिल नाही. समोर बारा-पंधरा गिऱ्हाईक उभे, लेकरं बैल हातात घेऊन बसलेली. मी लॅपटॉप बंद-चालू केला, मागचा कम्प्युटर बंद-चालू केला, वायर काढली-लावली. काही नाही. शेवटी वही काढली आणि हाताने बिलं केली. रात्री स्टॉक आणि गल्ला यांचा मेळ बसेना. दोन दिवस त्यात गेले, आणि गर्दीत किती माल वहीत चढलाच नाही, ते आजही सांगता येणार नाही. सणाच्या एका दिवसात आपण महिनाभराची कमाई धरून बसतो, हे दुकानदाराला वेगळं सांगायला नको.

बिघाड काहीच झाला नव्हता. प्रोग्राम ठीक, कम्प्युटर ठीक, वायर ठीक. फक्त पत्ता बदलला होता.

पत्ता देतं कोण?

आपल्याला वाटतं की आयपी ॲड्रेस हा कम्प्युटरचा असतो, जसं गाडीचं इंजिन नंबर. तसं नाही. तो नेटवर्कमधल्या जागेचा असतो, लॉजच्या खोलीसारखा. दुकानातल्या वायफायच्या डब्यात, म्हणजे राउटरमध्ये, एक काउंटर असतो. त्याला डीएचसीपी म्हणतात. कम्प्युटर चालू झाला की तो विचारतो, "मला खोली कोणती?" राउटर म्हणतो, "५ नंबर घे, अमुक तासांसाठी." बऱ्याच राउटरमध्ये ही मुदत २४ तासांची असते, आणि मशीन चालू असेल तर मुदत संपायच्या आधीच ती वाढवून घेते. म्हणून महिनोन्महिने पत्ता तोच राहतो आणि आपण निर्धास्त होतो.

लाइन गेली तेव्हा माझा राउटर, प्रिंटर, कम्प्युटर सगळं एकदम बंद झालं. काही साधे राउटर कोणाला कोणती खोली दिली होती, ते बंद पडल्यावर विसरतात. माझा तसलाच. लाइन आल्यावर प्रिंटर आधी जागा झाला, कम्प्युटरला विंडोज उघडायलाच चार मिनिटं लागतात. प्रिंटरला मिळाली ५ नंबरची खोली, कम्प्युटरला ७. चिठ्ठीवर मात्र ५.

इथे आपल्या वर्ध्याचीच एक गोष्ट आठवते. गांधीजी १९३६ मध्ये ज्या गावात राहायला आले, त्याचं नाव तेव्हा शेगाव होतं. आणि बुलढाणा जिल्ह्यात गजानन महाराजांचं शेगाव आधीपासून होतं, तेही रेल्वेच्या मार्गावर. झालं, टपालाची गफलत सुरू. इकडची पत्रं तिकडे. शेवटी १९४० मध्ये गावाचंच नाव बदलून सेवाग्राम केलं. एक पत्ता आणि दोन दावेदार असले की निरोप भलत्याच दारात जातो. माझं बिल प्रिंटरच्या दारात गेलं, ते असंच.

एकाच नावाची गावं ही देशभराचीच डोकेदुखी होती. त्यावर पिनकोड आला, १५ ऑगस्ट १९७२ ला, आणि तो बसवणारे अधिकारी मराठीच, श्रीराम भिकाजी वेलणकर. वर्ध्याचा ४४२००१, सेवाग्रामचा ४४२१०२, हिंगणघाटचा ४४२३०१. सुरुवातीचे ४४२ सगळ्यांना सारखे, पुढचे आकडे पोस्टाचे. आयपी ॲड्रेसही असाच वाचायचा. १९२.१६८.१ हा भाग दुकानातल्या सगळ्या मशीनना सारखा, शेवटचा आकडा ज्याचा त्याचा. काउंटरवर १९२.१६८.१ आणि मागच्या खोलीत १९२.१६८.०, असं दिसलं तर समजायचं की दोन मशीन दोन वेगळ्या "तालुक्यां"त आहेत. बहुतेक वेळा कोणीतरी दुसरा राउटर मध्ये जोडलेला असतो.

"पण भाऊ, माझ्याकडेही १९२.१६८.१.५ आहे, मग तुमच्याशी टक्कर कशी होत नाही?" हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतो. कारण हा पत्ता दुकानाच्या आतला आहे. १९२.१६८ ने सुरू होणारे, १० ने सुरू होणारे आणि १७२.१६ ते १७२.३१ मधले पत्ते १९९६ च्या नियमाने खाजगी वापरासाठी बाजूला ठेवलेत. ते बाहेर इंटरनेटवर चालतच नाहीत. तुमच्या घरात "मधली खोली" आहे आणि माझ्याही घरात आहे, म्हणून पोस्टमनचा गोंधळ होत नाही. तसंच हे.

प्रोग्रामला पत्ता विचारायचा, पण कोणाला?

तातडीचा उपाय साधा आहे. विंडोजवर स्टार्टमध्ये सीएमडी टाका, काळी खिडकी उघडेल, त्यात आयपीकॉन्फिग लिहून एंटर मारा. आयपीव्ही४ ॲड्रेस अशी ओळ दिसेल, तोच आकडा. गर्दीच्या वेळी हे मला माहीत असतं तर वही काढावी लागली नसती. पण काउंटरवरच्या पोराकडून काळी खिडकी उघडून घेणं, तेही गिऱ्हाईक समोर असताना, हे मला पटत नाही. आणि मी दुकानात नसेन तेव्हा काय? म्हणून ठरवलं, मागच्या कम्प्युटरवरच्या प्रोग्रामनेच चालू झाल्यावर स्वतःचा पत्ता शोधायचा आणि स्क्रीनवर मोठ्ठा दाखवायचा.

पहिला प्रयत्न मी सगळेच करतात तसा केला. पायथॉनमध्ये सॉकेट नावाची लायब्ररी आहे. तिला आधी कम्प्युटरचं नाव विचारायचं, त्याला गेटहोस्टनेम म्हणतात. मग त्या नावाचा पत्ता विचारायचा, तो गेटहोस्टबायनेम. दोन ओळी, काम झालं. उत्तर आलं १९२.१६८.५६.१.

हा आकडा माझ्या दुकानात कुठेच नव्हता! तासभर डोकं खाजवलं. मग लक्षात आलं, शिकवण्यासाठी मी त्याच कम्प्युटरवर व्हर्च्युअलबॉक्स टाकलं होतं. ते सॉफ्टवेअर कम्प्युटरच्या आत एक खोटं नेटवर्क कार्ड तयार करतं आणि त्याला सहसा हाच पत्ता असतो. प्रोग्रामने खोटं काही सांगितलं नाही. तो पत्ताही त्या कम्प्युटरचाच होता. पण काउंटरच्या काही कामाचा नव्हता.

तोच दोन ओळींचा प्रोग्राम बॅचमधल्या एका मुलाने त्याच्या उबुंटू लॅपटॉपवर चालवला, तर उत्तर १२७.०.१.१. हे आणखी मजेशीर. १२७ ने सुरू होणारा प्रत्येक पत्ता म्हणजे "मी स्वतः". कम्प्युटरला विचारलं, तू कुठे राहतोस? तो म्हणाला, माझ्या घरी. बरोबर आहे उत्तर, पण पाहुणा पोचायचा कसा? उबुंटूत कम्प्युटरचं नाव आणि हा पत्ता एका फाइलमध्ये आधीच जोडून ठेवलेले असतात, म्हणून तो नेटवर्कपर्यंत जातच नाही, फाइल वाचून मोकळा होतो.

इथे माझ्या डोक्यात खरा प्रकाश पडला. कम्प्युटरला एक पत्ता नसतो. वायरच्या कार्डाचा एक, वायफायचा एक, व्हर्च्युअलबॉक्ससारख्याने केलेला एक, स्वतःसाठीचा १२७ वाला एक. त्यातही आता आयपीव्ही६ चे लांबलचक पत्ते येतात, ते एकाच कार्डाला दोन-तीनसुद्धा असतात. म्हणून "तुझा पत्ता काय?" हा प्रश्नच अर्धा आहे. पुरा प्रश्न असा, "अमक्याकडे जायचं असेल तर तू कोणत्या दारातून निघशील?"

वर्धेकरांना हे पटकन कळेल. बाहेरगावच्या पाहुण्याने विचारलं, "तुमचं स्टेशन कोणतं?" तर आपण काय सांगतो? मुंबईकडून येत असाल तर वर्धा जंक्शन. चेन्नईकडून येत असाल तर सेवाग्राम बघा, कारण तिकडच्या बऱ्याच गाड्या वर्धा जंक्शनला येतच नाहीत. गाव एक, स्टेशनं दोन. कोणतं सांगायचं, ते पाहुणा कुठून येतो त्यावर.

न टाकलेलं पोस्टकार्ड

आता जी युक्ती सांगतो, ती मला सगळ्यात आवडलेली. हिला तीन ओळी लागतात.

नेटवर्कवर बोलायच्या दोन मुख्य पद्धती आहेत. टीसीपी म्हणजे फोन. समोरच्याने उचलला तरच बोलणं सुरू. यूडीपी म्हणजे पोस्टकार्ड. लिहायचं आणि पेटीत टाकायचं, पोचलं की नाही ते विचारायचं नाही. आपल्याला यूडीपी घ्यायचं आहे.

पहिल्या ओळीत यूडीपी प्रकारचं सॉकेट तयार करायचं, म्हणजे कोरं पोस्टकार्ड घेतलं. दुसऱ्या ओळीत त्याला कनेक्ट सांगायचं आणि बाहेरचा एखादा पत्ता द्यायचा. बरेच जण ८.८.८.८ देतात, तो गूगलचा सार्वजनिक डीएनएस सर्व्हर आहे. कनेक्ट म्हटल्यावर वाटतं की आता काहीतरी इंटरनेटवर जाणार. काहीच जात नाही! यूडीपीत कनेक्ट म्हणजे फक्त पोस्टकार्डावर "प्रति" लिहिणं. पण "प्रति" लिहिल्याबरोबर विंडोज किंवा लिनक्स एक काम करतं. या ठिकाणी जायचं तर कोणत्या कार्डातून जावं लागेल, ते स्वतःच्या रस्त्यांच्या यादीत बघतं आणि "प्रेषक" म्हणून त्या कार्डाचा पत्ता भरून ठेवतं. तिसऱ्या ओळीत आपण गेटसॉकनेम म्हणून फक्त तो "प्रेषक" वाचायचा. मग सॉकेट बंद. पोस्टकार्ड पेटीत न टाकता फाडून टाकलं.

माझ्याकडे उत्तर आलं १९२.१६८.१.७. बरोबर!

यात इंटरनेट चालू असायची गरज नाही. प्रदात्याची लाइन बंद असली तरी राउटर चालू असेल आणि त्याने बाहेरचा रस्ता सांगितलेला असेल, तर उत्तर बरोबर येतं. राउटरच बंद असेल तर मात्र प्रोग्राम एरर देईल की नेटवर्कपर्यंत रस्ता नाही. ती एरर पकडायची, इथपर्यंत सगळे करतात. पण इंटरनेटवरून उतरवलेल्या बऱ्याच प्रोग्राममध्ये एरर आली की १२७.०.०.१ दाखवतात. हे मला चुकीचं वाटतं. काउंटरवरचा मुलगा तो आकडा प्रामाणिकपणे टाकत बसेल, आणि तो पत्ता त्याला त्याच्याच लॅपटॉपवर नेईल. त्यापेक्षा सरळ मराठीत लिहा, "नेटवर्क नाही, राउटरचा दिवा बघा."

वेळेचीही एक भानगड आहे. लाइन आल्यावर कम्प्युटर आपोआप चालू होतो, प्रोग्रामही आपोआप चालू होतो, पण राउटर तोपर्यंत पूर्ण जागा झालेला नसतो. एकदाच विचारून गप्प बसलात तर "नेटवर्क नाही" हेच दिवसभर दिसेल. माझा प्रोग्राम उत्तर मिळेपर्यंत दर पाच सेकंदांनी विचारतो, आणि मिळाल्यावरही दर मिनिटाला परत बघतो. आकडा १६९.२५४ ने सुरू होत असेल तर तोही खरा पत्ता धरू नका. राउटरकडून उत्तर आलं नाही म्हणून कम्प्युटरने स्वतःच मनाने घेतलेली ती खोली आहे.

हिंगणघाटच्या बॅचमधल्या एका ताईंकडे ही युक्ती फसली, आणि त्यातून मी शिकलो. त्यांच्या दुकानात काउंटर आणि मागचा कम्प्युटर वायरने जोडलेले, पण इंटरनेट मात्र यूएसबी डोंगलवर. प्रोग्रामने डोंगलचा पत्ता दाखवला. का? कारण आपण विचारलं ८.८.८.८ बद्दल, म्हणजे मुंबईच्या गाडीबद्दल, आणि त्याने मुंबईचं स्टेशन सांगितलं. काउंटर तर दुसऱ्या लाइनवर. उपाय एका आकड्याचा निघाला. ८.८.८.८ काढून तिथे काउंटरच्या लॅपटॉपचा पत्ता टाकला, लगेच वायरच्या कार्डाचा पत्ता आला. तेव्हापासून मी शिकवताना ८.८.८.८ सांगतच नाही. तुम्हाला ज्याच्याशी बोलायचं आहे, त्याच बाजूचा पत्ता द्या. बिलाचा प्रिंटर नेटवर्कवर असेल तर त्याचा द्या.

बरं, पत्ता मिळाला, आता तो काउंटरपर्यंत पोचवायचा कसा? मी पायथॉनच्या क्यूआर कोड बनवणाऱ्या लायब्ररीने त्या पत्त्याचा क्यूआर स्क्रीनवर दाखवतो. टॅबलेट किंवा मोबाइल समोर धरला की बिलाचं पान उघडतं. यूपीआयमुळे क्यूआर स्कॅन करणं आता आजीलाही येतं, शिकवावं लागत नाही.

प्रोग्राम ऐकतो कुठे?

इथे एक गैरसमज काढून टाकतो. बिलाचा प्रोग्राम काउंटरच्या विनंत्या "ऐकत" बसतो. त्याला कोणत्या पत्त्यावर ऐकायचं, ते सांगावं लागतं. काही जण तिथेही शोधलेला पत्ता भरतात. नको. तिथे ०.०.०.० द्या. त्याचा अर्थ, माझी जेवढी दारं आहेत त्या सगळ्यांवर ऐक. पत्ता बदलला तरी प्रोग्राम चालूच राहतो. शिकताना बहुतेक प्रोग्राम आधी १२७.०.०.१ वर ऐकतात, म्हणून "माझ्याच कम्प्युटरवर चालतं, दुसऱ्यावर नाही" ही तक्रार येते. शोधलेला पत्ता फक्त माणसाला दाखवण्यासाठी.

आणि एवढं सगळं बरोबर असूनही पान उघडलं नाही, तर विंडोजचं फायरवॉल बघा. नवीन राउटर जोडला की विंडोज त्या नेटवर्कला पब्लिक किंवा प्रायव्हेट धरतं. पब्लिक धरलं असेल तर ते बाहेरून येणाऱ्याला दारातूनच परत पाठवतं. दुकानाच्या स्वतःच्या नेटवर्कला प्रायव्हेट ठेवा. बसस्टँडवरच्या वायफायला पब्लिकच राहू द्या.

मग पत्ता कायमचाच करून टाकला तर?

करा! दुकानात तेच करायला हवं. पण पद्धत महत्त्वाची. कम्प्युटरच्या सेटिंगमध्ये जाऊन हाताने १९२.१६८.१.५ भरणारे खूप आहेत. राउटरला याची खबर नसते. तो उद्या तीच ५ नंबरची खोली एखाद्या गिऱ्हाईकाच्या मोबाइलला देऊन मोकळा होतो, आणि शेगाव-शेगाव परत सुरू. कधी चालतं, कधी नाही, असा सगळ्यात त्रासदायक बिघाड हाच असतो.

त्यापेक्षा राउटरलाच सांगायचं. राउटरच्या पानावर डीएचसीपीमध्ये ॲड्रेस रिझर्व्हेशन नावाची सोय बहुतेक राउटरमध्ये असते. तिथे कम्प्युटरच्या कार्डाचा मॅक ॲड्रेस, म्हणजे आयपीकॉन्फिगला ऑल जोडल्यावर फिजिकल ॲड्रेस म्हणून दिसतो तो, आणि हवा तो आयपी लिहून सेव्ह करायचं. मग ती खोली कायम राखीव. लक्षात ठेवा, वायरच्या कार्डाचा मॅक वेगळा आणि वायफायचा वेगळा. वायरचा राखीव केला आणि कम्प्युटर वायफायवर नेला, तर उपयोग नाही. मोबाइलच्या बाबतीत तर अँड्रॉइड १० पासून फोन खऱ्याऐवजी बनावट मॅक दाखवतो, त्यामुळे मोबाइलच्या रिझर्व्हेशनवर भरवसा ठेवू नका.

"मग प्रोग्रामची गरजच काय राहिली?" राहते. बचत गटांच्या प्रदर्शनात स्टॉल लावला, तिथे राउटर आपला नसतो, मोबाइलचं हॉटस्पॉट असतं. दर वेळी पत्ता वेगळा. तिथे क्यूआरवाला प्रोग्रामच कामी येतो. आणि दुकानातही उद्या राउटर जळाला, पावसाळ्यात विजेने जळतोच, नवीन आणला, तर जुनी रिझर्व्हेशन त्याच्यासोबत गेली.

बाहेरचा पत्ता: इथे खिसा सांभाळा

आता पैशाची गोष्ट. "घरून दुकानाचा स्टॉक बघायचा आहे" म्हटलं की कोणीतरी सांगतं, स्टॅटिक आयपी विकत घ्या. एका विद्यार्थ्याने असे वर्षाचे पैसे भरले होते, आणि त्याची अडचण काय होती? काउंटर आणि मागच्या खोलीचीच! आतल्या कामाला बाहेरचा पत्ता विकत घेतला. घरात वावरायला रस्त्याचा टोल भरल्यासारखं झालं.

बाहेरचा पत्ता आपला प्रोग्राम स्वतःमध्ये बघून शोधूच शकत नाही. कारण तो कम्प्युटरवर नसतोच, राउटरच्या बाहेरच्या बाजूला असतो. तो कळायला बाहेरच्याच कोणाला तरी विचारावं लागतं, "तुला माझा पत्ता काय दिसतो?" आयपीफायसारख्या सेवा हेच सांगतात. आरशाशिवाय स्वतःचं कपाळ दिसत नाही ना, तसं.

पण तो पत्ता तरी तुमचा आहे का? जुन्या पद्धतीचे पत्ते एकूण ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ एवढेच होऊ शकतात, आणि जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले. म्हणून इंटरनेट देणाऱ्या कंपन्या एकच बाहेरचा पत्ता शेकडो गिऱ्हाईकांत वाटतात. अपार्टमेंटच्या गेटसारखं, सगळ्यांचं गेट एक. तपासायचं असेल तर राउटरच्या पानावर वॅन किंवा इंटरनेट स्टेटसमध्ये दिसणारा आयपीव्ही४ पत्ता आणि आयपीफायने सांगितलेला पत्ता जुळवून बघा. सारखे असतील तर पत्ता सध्या तुमच्या एकट्याचा. वेगळे असतील, आणि राउटरवरचा १००.६४ ते १००.१२७ मधला असेल, तर तुम्ही वाटणीतल्या पत्त्यामागे आहात. अशा वेळी राउटरमध्ये पोर्ट उघडून काहीही होणार नाही, कोणी त्याचे पैसे मागितले तर देऊ नका.

आणि पत्ता तुमचा एकट्याचा निघाला, तरी बिलाच्या प्रोग्रामसाठी पोर्ट उघडायच्या मी विरोधात आहे. इंटरनेटवर दिवसरात्र दारं वाजवत फिरणारे प्रोग्राम आहेत. कॅमेऱ्याच्या डीव्हीआरला कंपनीचाच पासवर्ड ठेवून पोर्ट उघडलेली दुकानं आपल्याच भागात मी पाहिली आहेत. गल्ल्यावर काय चाललंय ते सगळ्या जगाला दिसतं! घरून स्टॉक बघायचा असेल तर रात्री दुकान बंद करताना स्टॉकची शीट आपल्या ड्राइव्हवर आपोआप चढेल असं करा. नव्वद टक्के दुकानदारांना तेवढंच लागतं. काहींना बँकेच्या किंवा दुसऱ्या एखाद्या सेवेसाठी ठरलेला बाहेरचा पत्ता कळवावा लागतो, त्यांनी स्टॅटिक आयपी जरूर घ्यावा. तो खर्च कामाचा आहे.

माझ्या दुकानात आता काय आहे, ते सांगतो. राउटरमध्ये मागच्या कम्प्युटरची आणि प्रिंटरची, दोघांची खोली राखीव. राउटरला छोटा यूपीएस. मागच्या स्क्रीनवर क्यूआर. काउंटरवरची चिठ्ठी काढली, पण सेलोटेपचा डाग लॅपटॉपवर अजून आहे. आणि वही खणातच ठेवली आहे, पोळ्याच्या आठवड्यात ती वर काढून ठेवतो.

पुढच्या व्हिडिओत नेटवर्कवरच्या थर्मल प्रिंटरला पायथॉनमधून थेट बिल पाठवायचं आहे. त्याच्यासाठी आजच्या तीन ओळी चालवून, तुमचा आकडा कोणत्या गटातला आहे तेवढं बघून ठेवा.